तारीख बदललेला अहवाल

या प्रकरणात कोणी फरार नव्हते, कुणाचा पाठलाग झाला नाही, आणि आरोपी तर सोळा वर्षांपासून तुरुंगातच होता. तरीही माझ्या सगळ्या नोकरीतले एखादे प्रकरण आठवून अजून चिडायला होत असेल, तर ते हेच. यात शोधायचे होते ते आमच्याच ठाण्याच्या कपाटात होते.

जालना जिल्ह्यातल्या एका ठाण्याचा मी तेव्हा प्रभारी अधिकारी होतो. नाव कुणाचेच घेणार नाही, गावाचेही नाही. माणसे अजून तिथेच राहतात आणि त्यांना पुन्हा लोकांच्या तोंडी जायचे नाही. वाटूर फाट्यापासून ते गाव फार लांब नव्हते, एवढे पुरे.

सकाळची हजेरी संपली होती. ठाणे अंमलदाराने स्टेशन डायरी पुढे ओढली होती आणि आलेले टपाल बारनिशीत, म्हणजे आवक नोंदवहीत, चढत होते. त्यात अधीक्षक कार्यालयाचे एक पत्र होते, वर लाल शाईत ‘तात्काळ’. आमच्या हद्दीतला एक जन्मठेपेचा बंदी. त्याच्या मुदतपूर्व सुटकेबाबत ठाण्याचा अभिप्राय सात दिवसांत पाठवा.

वाचकांसाठी थोडे सांगायला हवे. जन्मठेप म्हणजे कायद्याने उरलेले सगळे आयुष्य. पण चौदा वर्षे प्रत्यक्ष भोगून झाल्यावर उरलेली शिक्षा माफ करण्याचा अधिकार राज्य सरकारला आहे. राज्यपालांना आणि राष्ट्रपतींना तर माफीचा अधिकार राज्यघटनेनेच दिला आहे. लोकांना वाटते, दया म्हणजे मोठ्या खुर्चीतल्या माणसाच्या मनाची गोष्ट. तसे नसते. त्या खुर्चीतला माणूस बंद्याला कधी पाहत नाही, गावही पाहत नाही. त्याच्यापुढे असतात ते कागद. शिक्षा देणाऱ्या न्यायालयाचे मत, तुरुंग अधीक्षकांचे मत, जिल्हाधिकाऱ्यांचे आणि पोलीस अधीक्षकांचे मत. आणि पोलीस अधीक्षकांचे मत म्हणजे, खाली खाली येत, कुठल्या तरी ठाण्यातल्या एका हवालदाराने लिहिलेली दोन पाने. हा माणूस सुटला तर गावात काय होईल, मयताचे नातेवाईक काय म्हणतात, ते त्या दोन पानांवर ठरते.

मी पत्राच्या कोपऱ्यात ‘बीट हवालदार, योग्य चौकशी करून अहवाल सादर करावा’ असे लिहिले, सही केली आणि पुढचा कागद घेतला. अर्धे मिनिटही लागले नसेल.

तिसऱ्या दिवशी अहवाल टेबलावर होता. नीट टाइप केलेला, सोबत मयताच्या आईचा जबाब. हवालदार जुना माणूस, निवृत्तीला दोन वर्षे राहिलेली, काम वेळेत करणारा. संध्याकाळी सही करू म्हणून मी तो बाजूला ठेवला.

दुपारी एक बाई भेटायला आल्या. पन्नाशीच्या, गावच्या अंगणवाडीत मदतनीस. हातात खताच्या कंपनीची प्लास्टिकची पिशवी, आत कागद. त्या बंद्याची बायको.

“साहेब, माझ्या मालकाचा अहवाल गेला का?”

“आज जाईल.”

“काय लिहिलं?”

“ते गोपनीय असतं, बाई. सांगता येत नाही.”

“नका सांगू. मीच सांगते.” त्या पिशवी मांडीवर घेऊन बसल्या आणि शाळेत कविता म्हणतात तसे म्हणू लागल्या. “सदर बंदी सुटल्यास गावात शांतता भंग होण्याची शक्यता नाकारता येत नाही. मयताची आई, वय पंचावन्न वर्षे, हिला तिच्या राहत्या घरी समक्ष भेटून विचारले असता तिने सक्त हरकत घेतली आहे. मयताचा भाऊ तापट स्वभावाचा असून त्याच्याकडून बंद्याच्या जीवितास धोका संभवतो.”

अहवाल माझ्यासमोरच होता. मी बोट ठेवून ओळी पाहत गेलो. एक शब्द इकडचा तिकडे नव्हता.

“हे तुम्हाला कोणी दाखवलं?” मी विचारले. पहिला संशय अर्थातच ठाण्यातल्या कुणाचा तरी आला.

“दाखवायला कशाला पायजे? दर साली हेच असतंय. माहितीच्या अधिकारात काढून राह्यले मी. अंगणवाडीतल्या लेकरांची गाणी बी मला इतकी पाठ न्हाईत.” त्यांनी पिशवीतून झेरॉक्सचा गठ्ठा काढून टेबलावर ठेवला. “रजेचा अर्ज केला, हेच. दुसरा केला, हेच. चौदा सालानंतर सुटकेचा केला, मंग बी हेच. मला एकच सांगा साहेब, ती बाई पंचावन्नाचीच कशी राह्यली? पयल्या कागदाच्या टायमाला मी चाळीसची बी नव्हते. आता पन्नास झाले. आणखी पाच साल असंच चाललं तर मी तिला गाठते.”

मला हसू आले आणि लगेच गेले.

“अन् ती गावात न्हाईच,” त्या म्हणाल्या. “सहा साल झाले, राजूरला लेकीकडं राह्यती. गणपतीपुढं दुर्वा इकती. घर पाडून तिथं आता पाण्याची टाकी झाली. मंग तुमचे हवालदार तिला राहत्या घरी कवा भेटले? टाकीत उतरून भेटले का?”

“बाई, तुमचं म्हणणं काय आहे? त्यांना सोडा असा अहवाल पाहिजे?”

“सुटायचं न सुटायचं सरकारच्या हातात. त्यानं माणूस मारला, ते मी न्हाई म्हणत न्हाई. हिरीवरच्या मोटारीच्या पाळीवरून भांडण झालं, पाइप घातला डोक्यात. शिक्षा झाली, बराबर झाली. पण तुम्ही खरं तर लिहा. खरं लिहून बी नाही सुटला तर मी पुन्हा ठाण्याची पायरी चढणार न्हाई.”

त्या गेल्या. मी अहवालावर सही केली नाही.

माझ्या घरात कॉलेजपर्यंत पोचलेला मी पहिला. वडिलांना अक्षर येत नव्हते. सरकारी कागद घरी आला की ते तो आधी कपाळाला लावायचे आणि मग शाळेतल्या गुरुजींकडे वाचून घ्यायला जायचे. त्याच गुरुजींनी पुढे माझी फी भरली, पोलीस भरतीचा अर्ज शेजारी बसून लिहून घेतला. त्यांचे उपकार मी विसरलो नाही. कागदावर जे लिहिले ते कुणीतरी पाहून, विचारून लिहिले असणार, ही त्या घरातली श्रद्धा होती. इतकी वर्षे खाकी घालूनही ती माझ्यातून पूर्ण गेली नव्हती, म्हणून मला त्या दुपारी एवढा राग आला असावा.

हवालदारांना बोलावले. दार लावून घेतले. तपासात मी एक सवय ठेवली होती. खरे की खोटे असे थेट विचारायचे नाही, तिथल्या वस्तूंविषयी विचारायचे. जो तिथे गेला आहे त्याला वस्तू आठवतात.

“हवालदार, त्या बाईच्या घराचं तोंड कुठल्या दिशेला?”

“कोणत्या बाईच्या, साहेब?”

“जिचा जबाब तुम्ही परवा तिच्या घरी घेतला.”

ते टोपी हातात फिरवत उभे राहिले. “पूर्वेला असंल.”

“असंल?”

“गावात सगळ्यांची पूर्वेलाच असत्यात साहेब.”

“बसायला काय दिलं? सतरंजी, खाट?”

ते म्हणाले, “साहेब, खरं सांगू का?”

“एवढ्यासाठीच दार लावलंय.”

“परवा बंदोबस्त व्हता. गावात जाणं झालंच न्हाई. पोलीस पाटलाला फाट्यावर बोलावलं, चहा घेतला, त्यानं सही केली. बाकी मजकूर जुना बराबर व्हता. तारीख बदलली.”

“आणि जबाब?”

“जबाबावर सही कुठं लागती साहेब? पद्धतच हाये.”

ते खरे होते. तपासातल्या जबाबावर साक्षीदाराची सही घेत नाहीत, त्याला कायद्याचे कारण आहे. पण तीच पद्धत आम्ही असल्या चौकशीलाही लावली होती. खाली ‘समक्ष’ लिहून हवालदाराने सही केली की जबाब पूर्ण. ज्याचा जबाब तो माणूस नसला तरी चालत होते.

“तुम्हाला कुणी काही सांगितलं होतं? कुणाचा दबाव?”

“बिलकुल न्हाई. आईची शपथ.” मग त्यांनी आवाज खाली आणला, आणि जे बोलले ते मला आजही खोडून काढता आलेले नाही. “साहेब, तुम्ही इचारलं म्हणून सांगतो. समजा मी लिहिलं, हरकत न्हाई. तो सुटला. उद्या त्यानं कुणाला दगड मारला. मंग कोणाचं नाव पेपरात येईल? कोणाला सस्पेंड करत्याल? मला. अन् हरकत आहे लिहिलं, तर आजपर्यंत कोणी इचारलं का, काहून लिहिलं म्हणून? तुम्ही पयले.”

दुसऱ्या दिवशी पोलीस पाटील आले. तिशीतला माणूस, मोटारसायकलची किल्ली बोटात फिरवणारा. वडिलांच्या नंतर पद त्याला मिळाले होते.

“पाटील, हा बंदी सुटला तर गावात शांतता भंग होईल?”

“कसली शांतता साहेब? गावातल्या निम्म्या पोरांना तो कोण हेच माहीत न्हाई.”

“मग सही का केली?”

“वडलांनी सांगून ठेवलं व्हतं, जेलचा कागद आला की हवालदार म्हणतील तिथं सही करायची.”

“आणि मयताचा भाऊ? तापट आहे म्हणे.”

“व्हता तापट. आता जालन्याला रोलिंग मिलमधे हाये, तिथंच घर केलं. बीपीच्या गोळ्या खाऊन राह्यला. दिवाळीला आल्ता, तर म्हणला मला जिना चढवत न्हाई.”

गुन्हेगार असता तर पकडला असता. लाच असती तर सापळा लावला असता. इथे कुणाचा स्वार्थ नव्हता, कुणाचे वैर नव्हते. एका फाट्यावरचा चहा होता आणि एक टाइप केलेला मजकूर होता, आणि त्या दोघांनी मिळून एका माणसाला आत ठेवले होते.

पहिला मजकूर कुठून आला ते पाहायचे ठरवले. दप्तरखान्यातून त्या बंद्याच्या सगळ्या अहवालांच्या स्थळप्रती, म्हणजे ठाण्यात राहिलेल्या प्रती, त्यांच्या नस्त्यांसकट काढायला लावल्या. एकूण अकरा. बहुतेक संचित किंवा अभिवचन रजेचे, म्हणजे फर्लो आणि पॅरोलचे. शेवटचे दोन सुटकेचे. मी ते टेबलावर ओळीने मांडले.

पहिला अहवाल खरा होता. हाताने लिहिलेला, एका जुन्या जमादाराच्या वळणदार अक्षरात. त्यात म्हातारीचे शब्द होते, ‘माझा पोरगा जिता करून द्या मग त्याला सोडा’. तो जमादार तिच्या दारात गेला होता, हे वाचताच कळत होते. दुसऱ्या अहवालात त्या शब्दांचे ‘सक्त हरकत’ झाले. तिसऱ्यापासून टाइप. पुढे फक्त तारखा.

चौथ्या अहवालाच्या खाली सही माझी होती.

नऊ वर्षांपूर्वी मी याच ठाण्यात उपनिरीक्षक होतो. सात-आठ महिने होतो, मग बदली झाली. प्रभारी साहेब रजेवर असताना टपालाचा गठ्ठा माझ्याकडे यायचा. हा कागद त्यात आला असणार. मला तो आठवत नाही. सही मात्र तीच होती, शेवटच्या अक्षराला उगीच लांब शेपटी काढायची मला तेव्हा सवय होती. त्या वेळी म्हातारी गावातच राहत होती. ठाण्यापासून अर्ध्या तासाच्या वाटेवर.

हवालदारांवर कालपासून काढलेला सगळा राग मला परत घ्यायला हवा होता. घेता आला नाही, पण बोलणे बंद केले.

सात दिवसांतले चार गेले होते. मी साध्या कपड्यांत राजूरला गेलो. चतुर्थी नव्हती, त्यामुळे मंदिराच्या रस्त्यावर गर्दी बेताची होती. दुर्वा विकणाऱ्या चार-पाच जणी बसल्या होत्या. सगळ्यात कडेला ती म्हातारी, पुढे ओल्या गोणपाटावर जास्वंदीची फुले, आणि बोटे एकवीस-एकवीस दुर्वा मोजून दोऱ्याने बांधत होती.

“जुडी घ्या दादा.”

मी जुडी घेतली आणि समोर बसलो. “मावशी, मी पोलीस ठाण्यातून आलोय. तुमच्या मुलाच्या केसबद्दल.”

तिचे हात थांबले नाहीत. “मेला का तो?”

“नाही. त्याला सोडायचं का, असं सरकार विचारतंय.”

“कोणाला इचारतंय?”

“तुम्हाला.”

आता हात थांबले. “मला? सोळा सालानं?”

मी तिला कागद समजावून सांगितला. याआधी अकरा वेळा सरकारने विचारले, आणि अकरा वेळा तुमचे उत्तर गेले आहे, असे कागद सांगतो. ती ऐकत राहिली.

“मंग काय म्हणले मी?”

“सोडू नका म्हणालात.”

“बराबर म्हणले,” म्हातारी मान हलवून म्हणाली. “पयल्या साली जमादार आल्ता, त्याला तसंच म्हणले मी. दुसऱ्या साली बी तसंच म्हणले असते. तिसऱ्या साली बी. पण म्हणू तर द्यायचं व्हतं मला.” मग ती म्हणाली, “लोक सांगायचे, दर वर्साला चौकशी होती. मी वाट पाहायची. म्हणलं माझ्याकडं कोणी येईल. कोणीच आलं न्हाई. मला वाटलं, पोरगा माझा गेला हे सरकार इसरलं.”

एक गिऱ्हाईक आले, जुडी घेऊन गेले. तिने गोणपाटावर पाणी शिंपडले.

“आता काय म्हणता, मावशी?”

“त्याची बायको येती हितं. वर्साकाठी एकदा. तिला ठावं हाये मी हितं बसती. इतक्या बाया बसलेल्या, पण माझ्याकडनंच जुडी घेती. ती बोलत न्हाई, मी बोलत न्हाई. घेती अन् जाती.” ती माझ्याकडे पाहू लागली. “तिनं काय केलं व्हतं?”

असल्या वेळी पोलिसाने बोलू नये, हे मी उशिरा शिकलो.

“सोडा त्याला,” ती म्हणाली.

मी वही काढून लिहू लागलो. लिहून झाल्यावर वाचून दाखवले, “सदर बंद्यास सोडण्यास माझी काही हरकत नाही.”

“तसं कवा म्हणले मी? खोडा ते.”

“सोडा म्हणालात ना?”

“सोडा म्हणले. हरकत न्हाई असं न्हाई म्हणले. हरकत आहे. मरस्तोवर हरकत आहे. माझं लेकरू गेलं, अन् मी हरकत न्हाई म्हणू का? हरकत ठेवून सोडा म्हणते मी. अन् मी जिती हाये तवर त्यानं राजूरला येऊ नये. त्याची बायको येती तर येऊ द्या.”

मी खोडले आणि तिचे शब्द तसेच लिहिले. पुन्हा वाचले. मी एके ठिकाणी ‘लेकरू’चे ‘मुलगा’ केले होते, ते तिने परत ‘लेकरू’ करायला लावले. वय विचारले तर म्हणाली, “सत्तर लिहा. कमी लिहू नका.” मग मी शेजारच्या दोन दुकानदारांना पंच म्हणून बोलावले आणि जबाबावर तिचा अंगठा घेतला. पद्धत नसली तरी घेतला.

अहवाल मी स्वतः टाइप केला. अडचण एकच होती. वर मंत्रालयातल्या फाइलमध्ये आमच्याच ठाण्याचे अकरा विरोधी अहवाल होते. बारावा अचानक उलट गेला तर वाचणारा काय समजणार? अधिकारी विकला गेला, असेच. म्हणून पहिला सोडून आधीचे सगळे अहवाल प्रत्यक्ष चौकशी न करता जुन्या मजकुरावरून तयार झाले होते, हे लिहिणे भाग होते. मी लिहिले. चौथा अहवाल माझ्या सहीने गेला होता, तेही लिहिले.

आमचे उपविभागीय अधिकारी भले गृहस्थ. त्यांनी वाचले आणि चष्मा काढला. “कशाला जुनं उकरता? नवा अहवाल नीट आहे. तेवढाच पाठवा.”

“सर, मग वरती अकरांविरुद्ध एकच पडेल.”

“पडू द्या. तुमची नोकरी राहील.”

मी तसाच पाठवला. दोन दिवसांनी अधीक्षक कार्यालयाच्या वाचक शाखेतून फोन आला.

“साहेब, मयताच्या आईची हरकत आहे का न्हाई? रकाना मोकळा आहे.”

“आहे.”

“मग सुटकेला विरोध लिहू?”

“विरोध नाही. सोडा म्हणते ती.”

“म्हणजे हरकत नाही.”

“हरकत आहे. हरकत ठेवून सोडा म्हणते.”

“साहेब, रकान्यात एकच बसतं.”

“मग रकान्यात ‘जबाब सोबत पाहावा’ असं लिहा.”

“असं आजपर्यंत कोणी लिहिलेलं नाही.”

“आजपर्यंत कोणी तिला विचारलेलं नाही.” मी फोन ठेवला. मग पुन्हा केला आणि त्याची माफी मागितली, कारण तो बिचारा लिपिक होता आणि रकाने त्याने आखले नव्हते. त्याने ‘जबाब सोबत पाहावा’ लिहिले. नोकरीत काही कामे अशी अर्ध्या ओळीने होतात.

महिन्याभरात मला खुलासा द्या म्हणून पत्र आले. हवालदारांनाही आले. त्यांना सक्त ताकीद, मला सेवापुस्तकात कसुरीची नोंद. ते माझ्यासमोर उभे राहून म्हणाले, “साहेब, तुम्ही सोताला बी अडकवलं अन् मला बी. तो सुटंल का न्हाई ते देवाला ठावं.” निवृत्त होईपर्यंत ते माझ्याशी कामापुरतेच बोलले. मी त्यांना दोष देत नाही. बाकीच्या अहवालांवर सह्या करणारे कुठे होते? काही निवृत्त, काही बढतीवर. त्यांना कुणी विचारले नाही.

शासनाचा आदेश यायला आठ महिने लागले. उरलेली शिक्षा माफ, अटी अशा अशा, ठाण्यात दरमहा हजेरी. त्या अटींत राजूरची अटही होती. मंत्रालयातल्या कुणीतरी तो जबाब शेवटपर्यंत वाचला होता. तो कोण, मला माहीत नाही, पण त्याचे आभार मी मनातल्या मनात बऱ्याचदा मानले आहेत.

पहिल्या हजेरीला तो आला. बायको सोबत होती. केस पांढरे, अंगाने वाळलेला, हात पाठीमागे बांधून उभा. बस म्हटले तरी बसेना.

“बसा की,” बायको म्हणाली. “साहेबांनी बसा म्हणलं. हितं कोणी गिनती करत न्हाई.”

तो खुर्चीच्या कडेवर बसला. सह्या झाल्या. मला वाटले, हे आता बोललो नाही तर कधीच बोलणार नाही. मी म्हणालो, “तुमच्या विरोधात अकरा अहवाल गेले. त्यातल्या एकावर माझी सही आहे.”

“मला ठावं व्हतं साहेब,” बाई म्हणाल्या. “झेरॉक्सवर नाव व्हतं तुमचं. तुम्ही परत हितं आले कळलं, म्हणून तर म्या तुमच्याकडं आले. म्हणलं, ज्यानं सही केली तोच वाचून पाहील.”

तो मात्र माझ्याकडे पाहत होता. “कोणता अहवाल, साहेब?”

“चौथा. नऊ-दहा वर्षं झाली. पॅरोलचा.”

त्याने मनाशी हिशेब केला. आत राहिलेल्या माणसाचा वर्षांचा हिशेब फार पक्का असतो.

“ती आईच्या दुखण्याची रजा व्हती,” तो म्हणाला. आवाजात राग नव्हता. राग असता तर मला बरे वाटले असते. “आई त्याच महिन्यात गेली.”

बायकोने त्याच्या दंडाला हात लावला. दोघे उठले, त्याने सवयीने हात पाठीमागे नेले, आणि ते बाहेर पडले.

या प्रकरणाने मला काय शिकवले, असे लोक विचारतात. माफीचा अधिकार फार वर असतो, पण तो वापरायचा की नाही हे पुष्कळदा खूप खाली ठरते, अशा टेबलावर, जिथे ‘नाही’ लिहिणाऱ्याला कुणी जाब विचारत नाही. नंतरच्या वर्षांत असे जे कागद माझ्याकडे आले, त्यांची चौकशी मी स्वतः केली, ज्याला विचारायचे त्याच्या दारात गेलो, आणि जबाबावर अंगठा किंवा सही घेतल्याशिवाय पुढे पाठवले नाही. काहींना हरकत होती, काहींना नव्हती. तीन वेळा तर मीच विरोध लिहिला, आणि का ते लिहिले.

पण त्या दिवशी ती दोघे गेल्यावर मी दप्तरखान्यातून चौथ्या अहवालाची नस्ती पुन्हा मागवली. सगळ्यात वर तुरुंग अधीक्षकांचे पत्र लावलेले होते. दुसऱ्याच ओळीत रजेचे कारण होते, ‘आई गंभीर आजारी’. ती नस्ती त्याआधी दोनदा माझ्या हातात येऊन गेली होती. पहिल्यांदा मी सही करायला शेवटचे पान उघडले, दुसऱ्यांदा माझी सही पाहायला. दोन्ही वेळा पहिले पान मी वाचले नव्हते.